वाळवंटातली जेझुइटांची गावं आणि आईचा एक प्रश्न

दिवाळीच्या सुट्टीत मी आईला घेऊन सॅन डिएगोला दादाकडं गेले. मी भूमला शाळेत इतिहास शिकवते, आई सास्तुरात राहते. वडील गेल्यापासून दादाचा एकच धोशा, आईनं आता कायमचं अमेरिकेत राहायचं. खोली रंगवून ठेवली होती, कागदपत्रंही काढली होती. आई यावर हो म्हणत नव्हती नि नाहीही. "बघू" म्हणायची आणि भांडी पुसायला घ्यायची.

"जरा फिरून आली की रमेल," दादा मला म्हणाला. मी लगेच मेक्सिकोतल्या बाखा कॅलिफोर्नियाचं नाव पुढं केलं. समुद्रात शिरलेली ही लांबलचक, कोरडीठाक जमिनीची पट्टी. तीनेकशे वर्षांपूर्वी जेझुइट नावाच्या ख्रिस्ती संघाचे पाद्री इथं आले, स्पेनच्या राजाच्या नावानं त्यांनी जिथं जिथं पाणी सापडलं तिथं तिथं चर्च बांधलं आणि भोवती गावं वसवली. त्या वस्त्यांना मिशन म्हणतात. दादानं आठवडाभर रजा टाकली आणि आम्ही तिघं त्याच्या गाडीनं निघालो.

जाणाऱ्यांसाठी सांगते. अमेरिकेचा चालू व्हिसा असल्यानं आम्हाला मेक्सिकोचा वेगळा लागला नाही, पण निघण्याआधी नियम तपासून घ्या. गाडीचा मेक्सिकन विमा काढावाच लागतो. एल रोसारिओ गावात टाकी गच्च भरा, पुढं बराच वेळ पंप दिसत नाही. रस्ता चांगला आहे पण अरुंद, कडेला गाडी थांबवण्याएवढीही जागा नाही. अंधार पडल्यावर गायी रस्त्यावर येतात, म्हणून गाडी दिवसाच चालवायची.

पहिला मुक्काम काताविन्याला. घराएवढाले गोटे आणि त्यांच्यामधून विजेच्या खांबाएवढे उंच निवडुंग. आई काचेला नाक लावून बसली होती. "आपल्याकडं दुष्काळ म्हणत्यात, त्यो ह्येच्यापुढं काहीच न्हाय की रं!"

जेवणाची काळजी होती, ती पहिल्याच खानावळीत मिटली. मक्याची गरम भाकरी, घोटलेल्या काळ्या घेवड्याची उसळ, हिरव्या मिरचीचा ठेचा. शाकाहारी असाल तर उसळीत डुकराची चरबी नाही ना, एवढं आवर्जून विचारा. "सिन मान्तेका" म्हटलं की त्यांना कळतं. चवीला म्हणून दादानं एक हिरवी भाजी मागवली. आईला भेंडी वाटली. दोन घास खाऊन झाल्यावर दादानं सांगितलं, फड्या निवडुंग आहे. आई घास तोंडात धरूनच थांबली, मग म्हणाली, "बांधावर एवढा माजलाय, आन आमी त्यो तोडून फेकतो व्हय!" आणि तिनं आणखी एक वाटी मागवली. तिघांचं बिल धाराशिवातल्या बऱ्यापैकी हॉटेलाइतकंच.

दुसऱ्या दिवशी सॅन इग्नासिओ. तासन्‌तास उघडे डोंगर पाहिल्यावर अचानक खजुरीचं रान समोर येतं, आणि खरंच डोळे निवतात. हे खजूर पाद्र्यांनीच आणले, द्राक्षं आणि अंजीरही. तिसऱ्या दिवशी निळ्या समुद्राच्या कडेकडेनं लोरेतोला पोचलो. इथलं मिशन या सगळ्या मालिकेतलं पहिलं. पण माझं मन ओढत होतं ते डोंगरातल्या सॅन हावियर मिशनकडं.

चौथ्या दिवशी सकाळी लोरेतोहून डोंगरात चढलो. वळणावळणाचा घाट, पण रस्ता डांबरी. घाट संपला की एकच दगडी गल्ली आणि तिच्या टोकाला काळसर दगडाचं चर्च. आत सोन्याचा मुलामा दिलेली वेदी आहे. ती सुट्या भागांत बोटीनं आणि खेचरांवरून आणली होती म्हणे. ज्या संताचं नाव या चर्चला आहे, त्याचा देह आपल्या गोव्यात आहे. हे सांगितल्यावर आईनं पदर नीट केला आणि हात जोडले. "गोव्याचा बाबा हितवर आला? मंग आपुनच काय लई लांब आलो!"

चर्चची झाडलोट पाहणाऱ्या लुपेबाई आम्हाला मागं घेऊन गेल्या. साठीच्या, बोलक्या. पाद्र्यांच्या काळापासूनचं जैतुनाचं झाड, झुळझुळता पाट, पाटाकडेला कांद्याचे वाफे. आई थेट वाफ्यात उतरली. दादाला बऱ्यापैकी स्पॅनिश येते, तो दोघींच्या मधे दुभाषा झाला.

लुपेबाई सांगत होत्या. इथले मूळ लोक लहान लहान टोळ्यांनी फिरायचे. जिथं पाणी, जिथं फळं पिकली, तिथं. पाद्र्यांनी त्यांना इथं गोळा केलं, शेती शिकवली, जेवण दिलं, प्रार्थना शिकवली. मग परक्यांबरोबर देवी आली, गोवर आला. एका जागी राहणारी माणसं भराभरा मेली. पुढं स्पेनच्याच राजानं हुकूम काढून जेझुइटांनाही इथून हाकललं.

"आता त्या लोकांची भाषा बोलणारं कुणी नाही," लुपेबाई म्हणाल्या. "आम्ही त्यांचे नव्हे. आमचे पूर्वज पाद्र्यांबरोबर आलेले शिपाई."

आईनं विचारलं, "पाद्री वाईट व्हते का?"

"सगळे नव्हते. आजाऱ्यांच्या उशाशी बसणारेही होते. त्यांना खरंच वाटायचं, आपण यांचं भलं करतोय."

आईनं पाटाच्या पाण्यात हात धुतले. "मंग हितं ऱ्हायचं का, आसं त्या लोकास्नी कुणी इचारलं व्हतं का?"

दादानं प्रश्न स्पॅनिशमध्ये सांगितला. लुपेबाईंनी मान हलवली. "तसं कधी ऐकलं नाही."

दादानं हे उत्तर मराठीत सांगितलं. लुपेबाई कुणाला तरी दार उघडायला आत गेल्या. आम्ही तिघं झाडाखालच्या कठड्यावर बसलो होतो.

"आई," दादा म्हणाला, "तुला माझ्याकडं राहायचंय का?"

"न्हाय."

इतकं पटकन उत्तर येईल असं मलाही वाटलं नव्हतं. दादाचा चेहरा उतरला. "मग इतके दिवस बोलली का नाहीस?"

"तू इचारलंस कवा? खोली रंगवलीस, कागदं आणलीस. तुजा जीव तुटतोय ते दिसत व्हतं, म्हून गप बसले." तिनं त्याच्या पाठीवरून हात फिरवला. "तू कामावर गेल्यावर म्या दिसभर कुनाशी बोलू? भूकंपात गाव पडलं, मंग नवं घर मिळालं तवा म्या हटून बसले व्हते, जाऊबाई शेजारी पायजे म्हून. ती अजून शेजारी हाय. येत जाईन की तुज्याकडं. पर ऱ्हायचं सास्तुरात."

दादा खाली बघत होता. त्यानं डोळे पुसले, मग हसूनच म्हणाला, "निवडुंग खाताना इतकी बोलत होतीस, हेही तेव्हाच सांगायचंस!"

लुपेबाई परत आल्या तेव्हा आम्ही तिघं हसत होतो. त्यांनी आईच्या हातात पातीसकट दोन कांदे ठेवले. परतीच्या वाटेवर आईनं ते भाकरीबरोबर कचाकचा खाल्ले आणि दादाला गाडीत मोठ्यानं गाणी लावायला लावली.

सुट्टी संपली, आम्ही दोघी परत आलो. वर्गात मिशनचा इतिहास सांगते तेव्हा मुलं विचारतात, "बाई, ते पाद्री चांगले होते का वाईट?" पूर्वी मी एका वाक्यात उत्तर देऊन मोकळी झाले असते. आता त्या पाटाचं सांगते, उशाशी बसणाऱ्यांचं सांगते, आणि जी भाषा संपली तिचंही. तास त्यातच संपतो.

परवा सास्तुरात होते तेव्हा दादाचा फोन आला. "आई, उन्हाळ्यात येतेस का माझ्याकडं?"

आईनं जाऊबाईकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं, आणि ऐटीत म्हणाली, "इच्यार करून सांगते."

फोन ठेवला आणि लगेच पिशवी शोधायला उठली.