किल्लीवाल्याच्या घराची तपासणी

आमचा दादा कुलूप-किल्लीवाला. गावातली निम्मी दारं त्याच्या हातून उघडलेली, तीही मालकांच्या परवानगीने. त्याला आणि वहिनीला मुलगी दत्तक घ्यायची होती, आणि त्यासाठी आपण बरी माणसं आहोत हे आधी कागदावर सिद्ध करावं लागतं. लग्नाचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, डॉक्टरांचं पत्र, पोलिसांचं पत्र, शिवाय दोन ओळखीच्यांची चिठ्ठी. मला दोन मुलं झाली, मला कुणी एका शब्दाने विचारलं नाही. आमचे हे थोरल्याला दुकानातच विसरून भाजी तेवढी घरी घेऊन आले, तरी पोलिसांचं पत्र मागायला कुणी फिरकलं नाही. असो.

कागद जमले, राहिली घराची पाहणी. समाजसेविका बाई येऊन घर बघणार, दोघांशी बोलणार आणि अहवाल लिहिणार. तो वाईट आला तर संपलंच, कारण पुन्हा अर्ज करेपर्यंत दोघांच्या वयाची बेरीज नियमातल्या मर्यादेपलीकडे जाणार होती. वहिनीची झोप उडाली. दादाने मात्र कुठेतरी वाचलं की घर मुलासाठी सुरक्षित हवं. झालं!

दुकान बंद ठेवून या शहाण्याने दिसेल त्या वस्तूला कुलूप ठोकलं. औषधांच्या कपाटाला, ठीक आहे हो. पण सुऱ्यांच्या खणाला, ओट्याखाली, खिडक्यांना, साखरेच्या फडताळाला, आणि स्वतःच्या झोपायच्या खोलीलाही, कारण तिथे इस्त्री असते. वहिनीला चहा करायचा तरी किल्ल्यांचा जुडगा हुडकावा लागे. मी विचारलं, मुलगी आणताय की कैदी? तर माझ्यावरच डाफरला.

बाई आल्या. दादाने मोठ्या ऐटीत एकेक कुलूप उघडून दाखवलं, वर प्रत्येकाचे गुण गायले. बाई मान डोलवत होत्या, पण त्यांचं पेन काही कागदाला टेकत नव्हतं. झोपायच्या खोलीपाशी बाई थांबल्या.

"मुलगी रात्री घाबरून उठली, तर तुमच्याजवळ येणार कशी?"

सगळ्या गावाला दारं उघडून देणारा हा माणूस आपल्याच दाराकडे बघायला लागला. मग त्याने खिशातला पेचकस काढला. कुलूप काढेल असं वाटलं, तर याने बिजागऱ्याच सोडवल्या आणि अख्खं दार उचलून भिंतीला टेकवलं. बाई म्हणाल्या, अहो, दार राहू द्या की, कुलूप काढलंत तरी पुरे.

"नको," दादा म्हणाला. "तिला ठोठावायला लागू नये."

अहवाल चांगला आला. मग वाट बघणं, मग आणखी सह्या, मग त्या सह्या खऱ्या असल्याच्या सह्या. मुलीचा फोटो आला, भेट झाली, आणि एका दुपारी ती घरी आली. पाच वर्षांची, आजवर संस्थेतच वाढलेली. दादा-वहिनी झोपायच्या खोलीत तिचे कपडे लावत होते. ती मोकळ्या चौकटीबाहेर हात मागे बांधून उभी राहिली.

"आत येऊ का?" तिने विचारलं.

वहिनी कशीबशी 'ये' म्हणाली. दादा तिथेच जमिनीवर बसला आणि ढसाढसा रडला.