काश्पर एल्मरचा पहिला घरचा सामना

पुढच्या वर्षी आमच्या फुटबॉल क्लबाला शंभर वर्षं होतील. इतिहास लिहायचं काम माझ्याकडे आलं, कारण आमच्या हिंटरबाख गावात साहित्य शिकलेली मी एकटीच. जुन्या सभांच्या वह्या मी स्वयंपाकघरातल्या टेबलावर पसरल्या. खेळाडू, प्रशिक्षक, अध्यक्ष, मैदानाचं गवत कापणारेसुद्धा, सगळ्यांच्या याद्या झाल्या. गावातलाच काश्पर एल्मर मात्र १९८६नंतर कुठल्याच यादीत नव्हता.

मग १९८६च्या वहीत एक नोंद सापडली. ‘आपल्याकडे पंच नाही. संघटना आपला दुसरा संघ काढून टाकणार. के. एल्मर तयार झाला.’

त्या हंगामात तेवीस वर्षांच्या काश्परने चौदा गोल केले होते. पुढच्या हंगामापासून त्याचं नाव नाही.

मी वही घेऊन त्याच्याकडे गेले. तो शेंगा मोडत बसला होता.

“हे काय आहे रे?” मी विचारलं. क्लबात सगळे एकमेकांना अरेतुरे करतात, वय कितीही असो.

“जेवढे संघ, तेवढे पंच द्यावे लागतात. नाही दिले तर संघ जातो. कुणीतरी जायला हवं होतं.”

“पण चौदा गोल करणाऱ्यानं?”

“बाकीच्यांना नियम कुठे येत होते!”

पंचाला स्वतःच्या क्लबाचा सामना देत नाहीत. आमचे सामने रविवारी दोनला. काश्परची शिट्टीही रविवारी दोनला, कुठल्यातरी दुसऱ्या खोऱ्यात. अडतीस वर्षं.

“म्हणजे तू घरचा सामना एकदाही पाहिला नाहीस?”

“एकदा आलो होतो. तिकडचा सामना बर्फामुळे रद्द झाला, म्हणून धावत इकडे. तर इकडेही तोच बर्फ.”

तो हसला. मला हसू येईना. मी लहानपणापासून दर रविवारी त्या मैदानावर असते. तो नसतो हे माझ्या कधी लक्षातच आलं नव्हतं.

चुलीपाशी त्याची बायको व्रेनी उभी होती. “डोळ्यांचं सांग तिला,” ती म्हणाली.

“शेंगा झाल्या,” काश्पर म्हणाला.

“सांगतोस की मी सांगू?”

शेवटी तिनंच सांगितलं. डाव्या डोळ्याने त्याला नजरेच्या मधोमध काही दिसत नाही. उजवाही त्याच वाटेवर आहे. डॉक्टर म्हणाले, वसंतापर्यंत चेहरे ओळखता येतील. त्यानंतरचं काही खरं नाही. हल्ली तो फक्त लहान मुलांच्या सामन्यांना पंच म्हणून जातो. तिथे मैदान छोटं असतं.

“मग थांब की,” मी म्हटलं.

“आणि मुलींचा संघ? यंदा कुठे उभा राहिलाय तो. मी थांबलो की पहिला तोच जाईल.” शेंगांची सालं त्याने कागदात गुंडाळली. बराच वेळ गुंडाळत राहिला. “एक घरचा सामना बघायचा होता. दिसतंय तोवर. बाकी काही नाही.”

पुढच्या रविवारी मी हे याकोबला सांगितलं. याकोब खाटीक आहे. सामन्याच्या दिवशी मैदानाच्या कडेला ‘सर्व्हेला’ नावाची सॉसेजं भाजतो आणि तिथून पंचाला शिव्या देतो. त्याचा आवाज पलीकडच्या गावात पोचतो.

तो चिमटा हातात धरून उभा राहिला. एक सॉसेज जळलं.

“आमच्या काश्परला?” तो म्हणाला. “त्या तिकडच्या गावांत कुणी त्याला असल्या शिव्या देत असेल?”

“दर रविवारी.”

“हरामखोर लेकाचे.” मग जळलेलं बाजूला सारत, “पंचाचा तो अभ्यासक्रम किती दिवसांचा असतो?”

“याकोब, तुला धावावं लागेल.”

“मुलांच्या मागे? गाईंच्या मागे धावतो की मी.”

पहिल्या परीक्षेत तो ऑफसाइडवर नापास झाला. तीस वर्षं ज्यावरून ओरडला, तेच त्याला येत नव्हतं. सप्टेंबरभर संध्याकाळी काश्पर त्याच्या दुकानात जायचा. काउंटरवर दोघं बाटल्यांची झाकणं मांडून बसायचे.

“हा ऑफसाइड?” काश्पर विचारायचा.

“अर्थात!”

“नाही. नीट बघ.”

“तू आंधळा होतोयस की मी?”

दुसऱ्या खेपेला तो पास झाला.

ऑक्टोबरच्या दुसऱ्या रविवारी याकोब पंचाचा काळा शर्ट घालून काश्परच्या जागी खालच्या गावी गेला. काश्पर दीडलाच मैदानावर आला, इस्त्री केलेल्या शर्टात. व्रेनीने त्याला मधल्या बाकावर बसवलं. मी शेजारी बसले.

त्याला सगळं दिसत नव्हतं. जवळच्या कडेचे खेळाडू तो ओळखत होता. लांबचे विचारत होता.

“कुणाकडे आहे?”

“सात नंबर. आपला.”

“पुढे कोण?”

“कुणी नाही.”

“मग का पळतोय तो?” त्याने माझा हात घट्ट धरला होता.

साडेतीनला डोंगराची सावली मैदानावर आली. त्यानंतर तो माझ्याच बोलण्यावर सामना बघत होता. आमचा संघ तीन-एक हरला. दुसरा गोल आमच्याच बचावपटूने स्वतःच्या जाळीत घातला.

लोक गेले. तो उठेना. मला वाटलं, फार उशिरा आणलं आपण याला.

“वाईट वाटतंय,” तो म्हणाला. मग माझ्याकडे वळला, चेहऱ्यावर नवलच. “अगं, खरंच वाईट वाटतंय. अडतीस वर्षं कुणीही हरलं तरी मला काही वाटून घ्यायची परवानगी नव्हती.”

सात वाजता व्रेनीचा फोन आला.

“काय केलंस तू त्याला? जेवायला तयार नाही. त्या बचावपटूच्या नावाने खडे फोडतोय. मी म्हटलं, खेळच आहे, तर माझ्यावरच ओरडला.”

“मग?”

“मग काय,” ती म्हणाली. “पुढचा घरचा सामना कधी आहे तेवढं सांग.”