वर साहेब नसलेली फाइल

देवासच्या कार्यालयात बडे बाबूंची, म्हणजे हेडक्लार्कची, जागा रिकामी झाली, तेव्हा मी धारच्या ऑफिसात होते. घर देवासला, नवरा देवासला, आणि मी नऊ वर्षं दर शनिवारी बस पकडणारी. त्या जागेसाठी माझाच नंबर होता, पण सरकारी पोर्टलवरचं ऑनलाइन प्रशिक्षण पास केल्याचं प्रमाणपत्र हवं होतं. परीक्षेच्या संधी तीनच.

शेजारच्या टेबलावरच्या बाबूंनी अर्ध्या ऑफिसचं प्रशिक्षण स्वतःच उरकून दिलं होतं. मलाही म्हणाले, "लाओ मैडम, ओटीपी बता दो. दस मिनट का काम है."

मी साफ नाही म्हटलं. नाव माझं आणि परीक्षा दुसऱ्याची, हे मला पटेना. शिवाय हट्टी तर मी आहेच.

सगळे व्हिडिओ बघितले, वहीत उतरवून घेतले. माउस माझं ऐकत नसे, तरी प्रश्नोत्तरं झकास झाली. घोडं अडलं ते परीक्षेतल्या शेवटच्या प्रात्यक्षिकात. मनावर गावच्या एका विधवा बाईंचा पेन्शनचा अर्ज, अर्थात खोटाच, पडद्यावर आला. एक कागद कमी होता, पण नियमाप्रमाणे तो नंतर दिला तरी चालणार होता. मी नियम लिहिला आणि खाली नेहमीसारखं "उचित आदेशार्थ प्रस्तुत", म्हणजे पुढचं साहेबांनी ठरवावं. मशीन म्हणालं, निर्णय अपूर्ण. दुसऱ्यांदा टिपणी आणखी लांबलचक केली, खाली पुन्हा तेच. पुन्हा नापास. अठ्ठावीस वर्षं मी फाइल वर पाठवत आले होते, आणि इथे वर कोणी साहेबच नव्हता.

रडकुंडीला येऊन नवऱ्याला फोन केला. "अहो, साहेबच नाही हो त्यात. पाठवू कुणाला?"

ते हसत सुटले. "अगं, माझी स्कूटर विकलीस तेव्हा कुणाचा आदेश घेतला होतास?"

मला राग आला, आणि पटलंही.

तिसऱ्या वेळी जेवणाच्या सुट्टीत एकटीच बसले. "स्वीकृत" एवढंच टाइप करायचं होतं, ते करून दोनदा वाचलं आणि बटण दाबलं. कुणी रागावलं नाही. पडद्यावर हिरवी खूण आली.

मग विचारणा झाली, प्रशिक्षणाने तुम्ही किती संतुष्ट? बाबू जेवून परतले होते. "पाँच तारे दबाओ मैडम, ऊपर वाले देखते हैं." मी चार दिले. आधीच्या दोन वेळा काय चुकलं ते मशीननं सांगायला हवं होतं, असंही लिहिलं. पण खरं सांगते, मी फार खूश होते.

संध्याकाळी नवऱ्याला सांगितलं, "पास झाले. आता ऑर्डर निघाली की येईन."

ते म्हणाले, "ऑर्डर निघेल तेव्हा निघेल. टेम्पोवाल्याशी मी बोललोय. रविवारी येतो, तुझं कपाट तरी घरी आणू."