लेकीच्या घरचं पाणी

बाजाराच्या दिवशी नेकनूरच्या बायनाबाईचा पाय घरात ठरायचा नाही. एक भाकर करपायची, दुसरी कच्ची राहायची, आणि तिचा नवरा गहिनीनाथ ताटावरून मान वर न करता म्हणायचा, "आज बाजार हाय वाटतं." त्या घरात थट्टा म्हणून जी काय व्हायची ती एवढीच. आडाच्या ताज्या पाण्यानं भरलेली कळशी कमरेवर घ्यायची, वर तांब्या पालथा घालायची, आणि बाजारतळाची वाट धरायची.

बाजारात तिला घ्यायचं काहीच नसायचं. तिथं तिची लेक भेटायची.

एकुलती एक लेक, छबू. दोन वर्षांमागं तिला चौसाळ्याच्या अलीकडच्या एका वस्तीवर दिली होती. जावई शहादेव हात राबवणारा, अबोल. सासू वच्छलाबाई तोंडानं फटकळ, पण मनात काही ठेवणारी नव्हे. मीठमिरचीला ती बैलगाडीनं नेकनूरच्या बाजाराला यायची तेव्हा सुनेला मागं बसवून आणायची. रहेमतबीच्या पालापाशी तिला उतरवायची, आणि "तुमी बसा, मी आले," म्हणून मुद्दाम सगळा बाजार पालथा घालायची. एवढं कळणारी सासू त्या काळी किती जणींना मिळायची?

रहेमतबी फळं विकायची. सिताफळाचे दिवस असले तर सिताफळं, नसले तर जांब, म्हणजे पेरू. तिच्या पाट्यांमागं पोत्याएवढी सावली असायची, त्यात मायलेकी गुडघ्याला गुडघा लावून बसायच्या. गाडीतून उतरली की छबूचा पहिला शब्द ठरलेला.

"आई, आदी पाणी दे."

मग ती तांब्या तोंडाला लावायची तो रिकामा करूनच खाली ठेवायची. लगेच दुसरा. बायनाबाई पदरानं तिच्या हनुवटीवरचं पुसायची. "हळू पी गं. उन्हातून आलीस, ठसका लागंल." वाटेची तहान, दुसरं काय असणार, असं तिला वाटायचं.

"बायना, तू जात कावून न्हाई गं तिच्याकडं?" रहेमतबी मुद्दाम विचारायची. "मी आमच्या मुनिराकडं जाते तर दोन दोन दिवस जेवून येते. तुमच्यात लेक दिली की तिच्या घरचं पाणी बी तोडायचं?"

"नातवाचं तोंड बघितलं की सुटतंय की," बायनाबाई म्हणायची.

रीत होती ती. लेकीच्या घरी नातवंड होऊन त्याचं तोंड बघेपर्यंत आईबापानं तिथं अन्न खायचं नाही, पाण्याचा थेंब घ्यायचा नाही. घेतला तर लेकीची कूस उजवत नाही म्हणायचे. कुणी घातली ही रीत, कशाला घातली, विचारायची सोय नव्हती. दिवाळीला लेकीला न्यायचं मूळ घेऊन बायनाबाई एकदा वस्तीवर गेली होती. सकाळपासून दिवस कलेपर्यंत ओसरीला बसून राहिली, ओठाला ओठ चिकटले. छबू सवयीनं तांब्या भरून घेऊन आली, दारात थबकली, आणि तसाच परत घेऊन गेली. त्यापेक्षा बाजार बरा, असं त्या दिवशी बायनाबाईनं ठरवलं. इथं लेक तरी पाणी पिते.

लग्नात पाठवणीच्या वेळी तिनं छबूच्या कानात सांगितलं होतं, "सासरच्या अन्नपाण्याला नाव ठिवायचं न्हाई. कसं बी असू दे, ग्वाडच म्हणायचं." सगळ्याच आया सांगतात. तिच्या आईनंही तिला सांगितलं होतं.

एका बाजारी मात्र तिला लेकीचा राग आला. वच्छलाबाई मिरच्यांचं गाठोडं आपटून चारचौघींत हसत म्हणाली, "इहीणबाई, पोरीला समदं शिकिवलं, डाळ शिजवायची तेवढी इसरलात. दाताखाली कचाकचा येती बघा!" रहेमतबीसुद्धा हसली. बायनाबाईला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं. लेकीला काही येत नाही म्हणजे आईनं काही शिकवलं नाही, आणखी काय अर्थ निघतो त्याचा?

वच्छलाबाई गेल्यावर तिनं छबूला दबक्या आवाजात धरलं. "काय गं? डाळ शिजविता येईना व्हय तुला?"

"आई, ती शिजतच न्हाई गं."

"नेकनुरात शिजती अन् तितं शिजत न्हाई? घाई करती तू. जाळ सारखा ठिवत न्हाईस. लक्ष कुटं असतं तुजं?"

छबू काही बोलणार होती, पण मान खाली घालून तिनं कळशीतलं आणखी पाणी घेतलं. गाडीत चढताना तिनं मागं वळून बघितलं नाही.

मग छबूला दिवस गेले, आणि असल्या गोष्टी कुणाच्या लक्षात राहतात? बायनाबाईनं जुनी लुगडी धुऊन दुपटी शिवायला काढली. डिंक आणला, अळीव आणले. पहिलं बाळंतपण माहेरी, हे ठरलेलंच. सातव्यात ओटी भरून लेकीला गाडीनं आणायची. दिवस धरला, गहिनीनाथनं गाडीला वंगण घातलं, आत कडब्याची मऊ बैठक केली.

त्या दिवशी सकाळीच सरकारी जवान दारात आला. कुणी साहेब दौऱ्यावर निघाला होता, त्याच्या तंबूचं, भांड्यांचं, कोंबड्यांचं ओझं वाहायला गाड्या पाहिजे होत्या. मोगलाईत वेठ म्हणजे वेठ, तिला 'उद्या' नसतो.

"सायेब, लेक आणायला चाललोय. दोन दिवस द्या," गहिनीनाथ हात जोडून म्हणाला.

"लेक कुटं पळून चालली का बे? चल, जुंप!"

बायनाबाई चौकटीत उभी होती. आपली कडब्याची बैठक जवानानं काठीनं ढकलून खाली पाडली ते तिनं बघितलं. कडबा गोळा करून तिनं कोपऱ्यात लावून ठेवला. पुन्हा लागणारच होता.

गहिनीनाथ परत आला तो एक लंगडता बैल घेऊन. तोवर छबूला आठवा लागला होता. आठव्यात गरवार बाईला हलवत नाहीत, ही दुसरी रीत. वच्छलाबाईनं निरोप पाठवला, "नववा लागू द्या, मीच माज्या गाडीतून आणून घालते." चांगलाच होता निरोप. साहेबाला नावं ठेवायची छाती नव्हती, विहिणीला ठेवायला जागा नव्हती. बायनाबाई रोज दिवस मोजायची आणि कुणावर चिडावं ते न कळून भांडी जोरानं आदळायची.

नववा लागलाच नाही. एका सकाळी वस्तीवरचा माणूस आला आणि दारातूनच, चप्पल न काढता, सांगून मोकळा झाला. छबू बाळंत झाली. मुलगा होता. दिवस उगवताना आला, गुरं घरी यायच्या आत गेला. छबू बरी आहे.

दोघं नवराबायको पायीच निघाली. वाटभर गहिनीनाथ पुढं आणि ती मागं. एकदा तो थांबून म्हणाला, "पाणी पिऊन घे इतंच, पुढं मिळायचं न्हाई." वाटेत ओढा होता. बायनाबाई वाकली, पण तोंड नुसतं धुऊन उठली.

दुपारी वस्तीवर पोचली तेव्हा सगळं आवरलेलं होतं. लेकरू शिवारात पुरून आले होते. वच्छलाबाईनं दारातच तिच्या गळ्यात पडून हंबरडा फोडला. तो खोटा नव्हता. मग डोळे पुसून तिनं सांगितलं, "पोरगी रडंना बघा. डोळ्यातून टिपूस न्हाई. काल धरनं आशीच बसलीय."

आतल्या अंधाऱ्या खोलीत बाजेवर छबू भिंतीला टेकून बसली होती. दूध चढू नये म्हणून छातीला फडकं आवळून बांधलं होतं, तरी ते भिजलं होतं. बायनाबाईनं तिला जवळ घेतलं. ती लाकडासारखी जवळ आली. शेजारच्या दोघी बायका उंबऱ्याशी बसून समजूत घालत होत्या.

"आठव्याचं व्हतं, टिकत न्हाई बाई."

"ते आपलं नव्हतंच. आलं, गेलं. नाव न्हाई, गाव न्हाई. इसरून जायचं."

"अजून कवळी हाय. पुढच्या साली पाळणा हलंल."

सगळ्यांचं खरंच होतं. त्याला कुणी नाव ठेवलं नव्हतं. त्याच्यासाठी शिवलेली दुपटी नेकनुरात होती. बायनाबाईनं त्याला बघितलं नव्हतं, आता बघायला मिळणार नव्हतं. ती लेकीच्या पाठीवरून हात फिरवत राहिली, कारण दुसरं काहीच करता येण्यासारखं नव्हतं.

बऱ्याच वेळानं छबू हलली. उशाशी बाळंतिणीचा तांब्या होता, वेगळा ठेवलेला, ज्याला दुसरं कुणी शिवत नाही. तो तिनं दोन्ही हातांनी उचलला आणि आईपुढं धरला.

"आई, पाणी पी."

वच्छलाबाई लगबगीनं पुढं आली. "आगं, आसं काय करतीस? त्यांनी तोंड कुटं बघितलं त्याचं? पाणी अजून बंद हाय त्यांना. इहीणबाई, नका घेऊ. माजं काई न्हाई, पर हिच्याच कुशीला लागंल. पुढचं बघाया नको का?"

छबूनं सासूकडं बघितलंच नाही. आवाज तिनं चढवला नाही. "आई, मला लेक झालता का न्हाई? तू सांग. झालता तर पाणी पी. समदे म्हणतेत नव्हताच. तू बी म्हण, मंग मी तांब्या ठिवते."

बायनाबाईचे हात मांडीवरच राहिले. प्यायली, आणि उद्या खरंच लेकीची कूस आटली, तर? जन्मभर कुणाला तोंड दाखवणार? आणि नाही प्यायली तर या पोरीला हिची सख्खी आईसुद्धा सांगणार की तुला काही झालंच नव्हतं. तिला वाटलं गहिनीनाथला विचारावं. दारातून बाहेर बघितलं, तो शहादेवाशेजारी खाली मान घालून बसला होता. तिचं बघणं त्याला कळलं. "बायकांचं बायकांनी बघा," एवढं तो पुटपुटला आणि काडीनं माती उकरायला लागला. बाप्ये असल्या वेळी कुठं जातात कोण जाणे.

छबू तांब्या धरूनच होती. अशक्त पोर, भरला तांब्या किती वेळ धरणार?

बायनाबाईनं तो घेतला. डोळे मिटून तोंडाला लावला.

पहिला घोट तोंडातच राहिला. मचूळ पाणी. खारट, जिभेला खरखरीत, घशाखाली उतरायला तयार नसलेलं. तिनं डोळे उघडले. समोर वच्छलाबाई हात जोडून देवाचं नाव घेत होती. तिचा जन्म याच पाण्यावर गेलेला, हे पाणी मचूळ आहे हे तिला कधी कळलंही नसेल. असल्या पाण्यात डाळ शिजत नाही म्हणून ती आदल्या रात्री भिजत घालायची तिच्या हातांना सवय असेल, सुनेला ते कुणी सांगितलं नसेल.

दोन वर्षं. दोन वर्षं ही पोर हे पाणी पीत होती. बाजारात येऊन कळशीवर तुटून पडत होती आणि मी तिला हळू पी म्हणत होते. जाळ सारखा ठेवत नाहीस म्हणून चारचौघींचा राग हिच्यावर काढला. हिनं एका शब्दानं सांगितलं नाही. कशी सांगणार? नाव ठेवायचं नाही म्हणून मीच बजावून पाठवली होती.

बायनाबाईनं घोट गिळला. दुसरा घेतला. तांब्या रिकामा होईपर्यंत ती थांबली नाही. ते पाणी बदलणं तिच्या हातात नव्हतं, लेकीला उचलून नेणंही नव्हतं. बाळंतीण दीड महिना उंबरा ओलांडणार नव्हती. हातात होता तेवढा तांब्या होता.

"पिलीस?" छबूनं विचारलं.

"पिले."

"कसं हाय?"

बायनाबाईनं पदरानं तोंड पुसलं. विहीण ऐकत होती, शेजारणी ऐकत होत्या.

"ग्वाड हाय, बाई," ती म्हणाली.

छबू तिच्याकडं बघत राहिली. मग तिचा चेहरा लहान मुलीसारखा वाकडा झाला आणि आईच्या मांडीत डोकं घालून ती कालपासूनचं सगळं रडली. रडतारडता सांगत होती, त्याला जावळ होतं, काळंभोर, मानेपर्यंत, आणि त्यानं तिचं बोट धरलं होतं. बायनाबाई ऐकत होती. वच्छलाबाई पलीकडं तोंड करून उभी राहिली.

दिवस कलायला लागला तशी गहिनीनाथनं बाहेरून खाकरून खूण केली. निघावं लागलं.

पुढच्या बाजाराला बायनाबाईनं आडावरून कळशी भरून आणली आणि रहेमतबीच्या पालात नेहमीच्या जागी ठेवली. वच्छलाबाईची गाडी आली. मागं कुणी बसलेलं नव्हतं. बायनाबाई पुढं झाली, छबूसाठी कळशी उचलून गाडीत ठेवायला लागली.

"हे काय वो इहीणबाई? आमच्याकडं काय पाणी न्हाई का?" वच्छलाबाई हसून म्हणाली.

"हाय की," बायनाबाई म्हणाली. "लई ग्वाड हाय. म्या पिलेय की."

आणि तिनं कळशी परत खाली घेतली.