मेश्राम मास्तरांची चाळीस मिनिटं

तालीम संपली की मेश्राम मास्तर दारात उभे राहत आणि आम्हा अठराही जणांकडून नोटेशनचे कागद परत घेत. "कागद ठेव अन् मंग जा गा." एकाचा कागद दुसऱ्यानं पाहिलेला त्यांना चालत नसे. पूर्ण रचना कशी आहे, हे आमच्यापैकी कुणालाच ठाऊक नव्हतं.

मास्तर खापरखेड्याच्या वीज केंद्रातून निवृत्त झालेले. तरुणपणी कुणा साहेबाच्या कॅसेटींवर जॅझ ऐकला आणि तो अंगात भिनला. आम्ही सगळे लग्नाच्या बँडमधले. पाच मिनिटांच्या गाण्यापलीकडे मजल नाही. त्यांनी मात्र वीज केंद्रातल्या एका दिवसावर सलग चाळीस मिनिटांची रचना बांधायला घेतली होती. "नवरदेव नाचवाले नाई बसलो आपण," म्हणायचे. "लोकायनं बसून आयकलं पायजे."

कौतुक वाटायचं, भरवसा वाटत नसे. मी सॅक्सोफोनवर. माझा सूर अर्ध्यात तुटला की मास्तर डोळे बारीक करून माझ्या तोंडाकडे बघत आणि खिशातल्या वहीत काहीतरी लिहीत. ट्रम्पेटवाला प्रकाश म्हणाला, "बुढा आपल्या चुका लिहून राहिला. कार्यक्रमाच्या तोंडावर काढून टाकते पाहा आपल्याले." मलाही तेच वाटू लागलं. एका रविवारी दुपारी मास्तर चहाला गेले आणि वही खुर्चीवर राहिली. मी उघडली. पहिली नोंद माझीच होती.

"विलास. हिंगण्याच्या कारखान्यात काम; छातीत धूळ गेली. दम पुरत नाही. ओळी लहान कराव्या; सूर सुटला की ट्रॉम्बोननं उचलावा."

"प्रकाश. वरचा सूर चिरकते. केंद्राच्या भोंग्यासाठी तसाच पाहिजे. दुरुस्त करू नये."

आमच्या उणिवा बघून त्यांनी रचनाच आमच्या मापाची शिवली होती. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तरी पान उलटलं.

"उजवा कान गेला. डावाही चालला. कोणाले कळू द्यायचं नाही. तोंडाकडे पाहून समजून घ्यावं."

मान वर केली तर मास्तर समोर.

"वाचलं?"

"हो."

"सांगशीन साऱ्यायले?"

"नाई सांगत, मास्तर."

"काहून ठेवू भरवसा?"

मी वही त्यांच्या हातात दिली. पुढचे तीन आठवडे मी कुणाशी बोललो की त्यांची नजर माझ्या ओठांवर असे. मी प्रकाशला एवढंच सांगितलं, की आपल्याला कुणी काढत नाही. कानाचं सांगितलं नाही.

कार्यक्रमाला सभागृह भरलं. शेवटी लोक उठून टाळ्या वाजवत राहिले. पडद्यामागे जो तो मास्तरांच्या पाया पडून "मस्त झालं" म्हणत होता. मास्तरांनी माझा दंड धरून मला बाजूला नेलं.

"हे मस्तच म्हणतीन. मले कायीच आयकू नाई आलं, विलास. खरं सांग."

सहा महिन्यांनी मास्तर गेले. त्याआधी आपलं काम कसं झालं, हे त्यांनी कुणाला विचारल्याचं मला आठवतं ते एवढंच. माझे ओठ त्यांना नीट दिसतील असा मी समोर उभा राहिलो आणि सावकाश सांगितलं. मधे लय पळाली, ड्रम उशिरा आला, माझे दोन सूर गेले. काही लपवलं नाही.

"अन् बाकी?"

"बाकी तुमी लिवलं तसंच वाजलं, मास्तर."