पाणी जड करणारी गंगूआत्ती

गंगूआत्ती गेली.
आज सकाळी, हिर्डोशीत. चहा मागितला आणि चहा येईपर्यंत गेली.

माझ्या वडिलांची आत्या. पण आम्हा सगळ्यांचीच आत्ती.

स्वातंत्र्यानंतरची पहिली काही वर्षं. लग्न झालं आणि ती नवऱ्यामागं थेट बिहारला गेली, कोळशाच्या खाणीवर.
तो खाली खाणीत. ती वर, बायकांच्या रांगेत.
समोरच्या बेल्टवरून कोळसा वाहत जायचा. त्यातले दगड हातानं वेचून फेकायचे. दिवसभर.

"डोळं मिटलं तरी कोळसा चालायचाच गं," म्हणायची. "सपनात बी म्या दगडच येचायची."

मग तिथं वॉशरी आली. कोळसा धुणारा कारखाना.

ट्रायलच्या दिवशी वेचणाऱ्या बायकांनाही बघायला नेलं. मोठी टाकी, काळंभोर पाणी. वरून माल पडला. दगड तळाला गेले.
आणि कोळसा वर आला. हळूहळू तरंगत निघाला.

"इंजिनियर म्हनला, लोखंडी दगडाची भुकटी घालून पानी जड केलंय. म्या बघतच ऱ्हायले. काळ्या पान्यावर काळी बदकं चालल्यावानी."

हे सांगताना तिचा आवाज मऊ व्हायचा. त्याच टाकीनं तिचं काम घेतलं, तरी.

बायकांना घरी बसवलं. नवरा तिथंच राहिला, ती एकटी हिर्डोशीला परतली. भाताची खाचरं, सासू आणि गप्प गप्प दिवस.
ओढ्याकाठी पाण्याकडं बघत बसायची. हिला बाहेरचं लागलंय, असं गाव म्हणायचं.

आणि एका पेरणीला तिनं पाटीभर भाताचं बियाणं मिठाच्या पाण्यात ओतलं.

सासू ओरडत आली. "बी मारतीस व्हय गं?"

"आवं, मारत न्हाई, निवडतीया. पानी जड केलंय. पोचट वर यील."

"आनि न्हाई उगावलं तर? खायाचं काय?"

"तर म्या म्हायेरी जाते. परत न्हाई यायची."

पोचट दाणे खरंच वर आले, दुधावर साय धरावी तसे. खालचं भरीव बी तिनं ओढ्यात धुतलं आणि वेगळ्या वाफ्यात पेरलं.
मग रोज उठून त्या वाफ्याशी जाऊन उभी राहायची.

रोपं आली. दाट, एकसारखी, हिरवीगार.

सासू वाफ्याशी बसली. रोपांवरून नुसता हात फिरवत राहिली.

पुढच्या पेरणीला मीठ सासूनंच आणलं.

दुपारी नीरा नदीकाठी निरोप दिला.
आत्ती, सुखानं जा. आम्हा सगळ्यांचा शेवटचा नमस्कार.