खंडेनवमीची फ्लॉपी

गुणाजी तावडे हा जन्माचा काळजीखोर माणूस. घाटकोपरच्या भटवाडीतल्या खोलीला कुलूप लावून तो गल्लीच्या टोकापर्यंत जायचा आणि कुलूप ओढून बघायला परत यायचा. गॅसचा नॉब बायकोने, मालनने, बंद केलेला असला तरी हा पुन्हा हात लावून बघणार. मालन म्हणायची, यमाचा रेडा दारात आला तरी हा माणूस त्याला थांबवून आधी गिझर बघून येईल. पण या सगळ्या किरकोळ काळज्या. त्याची खरी काळजी असल्फ्याच्या एका इंडस्ट्रियल इस्टेटीत, दुसऱ्या मजल्यावरच्या गाळ्यात होती.

त्या गाळ्यात लेबलं विणायचं मशीन होतं. शर्टाच्या कॉलरमागे असतात ती लेबलं, शाळेच्या खिशावरचे बिल्ले, असला माल. मशीनला विणायला शिकवणारा कॉम्प्युटर शेजारी टेबलावर, अंगाने पिवळा पडलेला. त्याची हार्ड डिस्क केव्हाच मेली होती, तशी दुसरी कुठे मिळेना. तेव्हापासून तो उठायचा एका फ्लॉपीवर. तळहाताएवढ्या काळ्या चौकोनी कवचातली चकती. ती खाचेत सरकवली की कॉम्प्युटरला आपण कोण, काय करायचं हे आठवायचं, आणि मग मशीन खटखटायला लागायचं. ती नसेल तर नुसता काळा पडदा.

मालक अनंतराव होते तोवर ठीक होतं. त्यांच्या माघारी मुलगा केयूर गाळा बघू लागला. मुलगा वाईट नव्हता, पण तो उघडच म्हणायचा की हे धूड एकदा बंद पडलं की भंगारात काढू आणि नवीन मशीन आणू. नवीन मशीनबरोबर ते चालवणारा नवीन माणूस येतो, हे गुणाजीला न सांगता कळत होतं. मशीन आहे तोवर आपण, हा त्याचा सरळ हिशेब. म्हणून त्याने कॉम्प्युटर बंद करणंच सोडून दिलं. रात्री, रविवारी, गणपतीत, तो बॅटरीच्या आधाराने चालूच. जो बंदच होत नाही त्याला उठवायची भीती नाही.

फक्त खंडेनवमीला इलाज नसे. त्या दिवशी हत्यारं थांबलीच पाहिजेत, त्यांची पूजा झाली पाहिजे. गिरणीत खपलेल्या बापाचा मुलगा यात सूट घेणार नाही. मग नवमीला कॉम्प्युटर बंद, दसऱ्याला सुट्टी, आणि त्यानंतरच्या सकाळी गुणाजीचा जीव टांगणीला.

यंदा पूजेची तयारी मीराने केली. ही लेबलं कापून घड्या घालायला नवी लागलेली मुलगी, हौशी आणि श्रद्धाळू. गुणाजीच तिला एकदा म्हणाला होता, की खरं मशीन म्हणजे ही फ्लॉपी, बाकी सगळा सांगाडा. मुलीने ते मनावर घेतलं. गुणाजी खाली झेंडूचे हार आणायला गेला तेवढ्यात तिने फ्लॉपी, ती जपून ठेवायच्या साबणाच्या डबीतून काढली, मशीनवर मांडली आणि तिची पूजा केली. गुणाजी वर आला तेव्हा चकतीवर कुंकवाचं बोट उमटलेलं. पण सणाच्या दिवशी पोरीला काय बोलणार? त्याने रुमालाने कुंकू पुसलं, डबी कपाटात ठेवली आणि दसऱ्याचं श्रीखंड घशाखाली उतरेना म्हणून मालनच्या शिव्या खाल्ल्या.

सुट्टीनंतर सकाळी त्याने फ्लॉपी खाचेत सरकवली. आतून टर्र टर्र असा खरवडल्यासारखा आवाज आला, आणि पडद्यावर एक ओळ उमटली की सिस्टीम सापडत नाही. पुन्हा घातली, पुन्हा तेच. कपाटात तिची एकच जोडीदारीण होती. कॉम्प्युटर बसवणाऱ्या श्यामसुंदर पाटकरांनी बनवून दिलेली, अडीअडचणीसाठी म्हणून जपून ठेवलेली. घाबरलेल्या माणसाने जे करू नये तेच त्याने केलं. क्षणाचाही विचार न करता ती त्याच खाचेत घातली. टर्र टर्र.

पहिली चकती त्याने उजेडात धरली आणि तिची पत्र्याची झडप सरकवून बघितली. आतल्या तपकिरी तबकडीवर लाल रेघ ओढलेली.

"मीरा, खरा सांग, ह्येच्या आत काय घातलंस?"

मीरा रडकुंडीला आली. झडप म्हणजे तिला देव्हाऱ्याचं दार वाटलं होतं. आत हळद-कुंकू पोचलं नाही तर पूजा कसली, म्हणून तिने चिमटीभर आत सोडलं होतं. तिच्यावर ओरडायचीही त्याला सोय नव्हती, कारण दुसरी फ्लॉपी तिने नाही, त्यानेच घातली होती.

श्यामसुंदर निवृत्त होऊन कांदिवलीला राहत होते. फोनवर सगळं ऐकून त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, दुसरी त्यातच घातलीस का? गुणाजीने कबूल केलं. ते म्हणाले, खाचेतला वाचणारा भाग कुंकवाने माखलाय, तो जी चकती मिळेल तिला ओरबाडणार. आता कशालाही हात लावू नकोस. इतक्यात केयूर आला. मशीन थांबलेलं बघून त्याने काही विचारलं नाही. मोबाइल काढून तो गॅलरीत गेला आणि तिथून भंगारवाल्याला भाव विचारून बोलावल्याचं गुणाजीला स्वच्छ ऐकू आलं. त्याने मनातल्या मनात गावच्या रवळनाथाला नारळ बोलला, मग एक कमी पडेल असं वाटून दुसरा बोलला.

श्यामसुंदर रिक्षाने आले. पिशवीत फ्लॉपीची खाच असलेला जुना लॅपटॉप, कोऱ्या फ्लॉप्या आणि स्पिरिटची बाटली. त्यांनी आधी कॉम्प्युटरची खाच खोलून साफ केली. मग दोन्ही फ्लॉप्यांची कवचं उघडून आतल्या पातळ तबकड्या काढल्या, बॅटरीत घालतात त्या शुद्ध पाण्यात धुतल्या, वाळवल्या आणि नव्या कवचांत बसवल्या. गुणाजी बाजूला उभा, घाम पुसत. दोन्ही जखमी आहेत, श्यामसुंदर म्हणाले, पण जखमा एकाच जागी नसतील तर जमेल. एकीतून जी फाइल निघेल ती घ्यायची, अडेल ती दुसरीतून. एकेक नाव पडद्यावर येत गेलं. कॉम्प्युटरला उठवणाऱ्या फायली दुसरीतून मिळाल्या. राहिली ती मशीन चालवणारी. पहिलीत ती अर्ध्यावर अडली. दुसरी घातली, लॅपटॉप घरघरला, थांबला, परत घरघरला. गुणाजीला तिथे उभं राहवेना. तो जिन्यात जाऊन भिंतीकडे तोंड करून उभा राहिला.

मीरा धावत बोलवायला आली तेव्हा ती फाइलही निघाली होती आणि श्यामसुंदर कोऱ्या फ्लॉपीवर आधी उठवणाऱ्या फायली आणि मागून बाकीच्या चढवत होते. ती नवी चकती त्यांनी खाचेत सरकवली. काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं धावली आणि मशीन खटखटायला लागलं. गुणाजीचे डोळे भरून आले. केयूरने भंगारवाल्याला फोन करून येऊ नकोस म्हणून सांगितलं, हे गुणाजीने स्वतः ऐकलं.

श्यामसुंदर तिथेच थांबले नाहीत. पिशवीतल्या सगळ्या कोऱ्या फ्लॉप्यांवर त्यांनी तेच उतरवलं. किती वर्षं या माणसाला सांगतोय प्रती करून ठेव म्हणून, ते केयूरला म्हणाले, पण हा दरवेळी म्हणतो, नको साहेब, चालतंय ते बिघडायचं. गुणाजी कसनुसा हसला. प्रत काढताना चकती झिजेल, हे कारण त्याने इतक्यांदा सांगितलं होतं की त्याला स्वतःलाही ते पटलं होतं.

केयूर खूश होता. आता रोज संध्याकाळी कॉम्प्युटर बंद करायचा, विजेचं बिल वाचेल, असं त्याने ठरवून टाकलं. एक फ्लॉपी त्याने घरी न्यायला ठेवली, एक मीराच्या हातात दिली. मशीन बंद करून तिच्याकडून एकदा चालू करून घेतलं. मीराने घाबरत चकती सरकवली, अक्षरं धावली, खटखट सुरू झाली. त्यात अवघड असं काहीच नव्हतं. केयूरने प्रेमाने गुणाजीच्या खांद्यावर हात ठेवला.

"काका, खूप टेन्शन घेतलंत तुम्ही. आता तुम्ही नसलात तरी चालेल."

पोरगा मनापासून बोलत होता, हे गुणाजीला दिसत होतं. तो हो म्हणाला. मग मीराने चकती नीट बसवली आहे का, हे बघायला म्हणून तो खाचेजवळ वाकला, आणि बराच वेळ तसाच वाकून राहिला.